माहितीपुस्तिकेतलं पाणी

आमच्या नकाशात डोंगर सपाट असतो. हे ऐकून लोक हसतात, पण जमीन मोजण्यात उभी हयात घालवलेला माणूस सांगतो आहे, तेव्हा विश्वास ठेवा. गावच्या नकाशावर उंची नसतेच. उतारावर मोजणी करताना साखळी जमिनीला टेकवायची नाही, हवेत आडवी ताणून धरायची आणि तिच्या टोकापासून ओळंबा सोडून खाली खूण करायची. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना डोंगराची जेवढी सावली पडेल, तेवढीच त्याची जमीन आम्ही धरतो.

यावरून एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला एकदा फार छळलं. त्याचं रान डोंगराच्या उतरणीला होतं. त्यानं आदल्या दिवशी कासऱ्यानं स्वतःच रान मोजून ठेवलं होतं आणि माझं माप त्याहून कमी भरलं. मी त्याला आडवी साखळी समजावून सांगितली, कागदावर काढून दाखवली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सायेब, मी नांगर उतारावर धरतो. ही तुमची हवेतली जमीन कोण नांगरतंय?"

दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'आपल्या भागातले डोंगर' या विषयावर लिहायला सांगितलं, तेव्हा मी त्यांना विचारलं की ते आमच्या भागात कधी आले आहेत का. नव्हते आले. आले असते तर त्यांनी 'आपल्या भागातले उंचवटे' असा विषय दिला असता. अजिंठ्याची रांग पूर्वेकडे येता येता दमते आणि हिंगोली जिल्ह्यात येऊन चक्क बसते. आमच्या डोंगरांना टोकं नाहीत. माथे सपाट, कोणी वरून विळीनं कापल्यासारखे. वाशीमकडून येताना कनेरगाव नाक्याच्या धाब्यावर चहा घेतलेल्या माणसाला आपण डोंगराच्या जवळ आहोत हे कळतसुद्धा नाही. औंढ्याला जाणाऱ्यांना देवळाभोवतीचे डोंगर दिसतात, पण त्यांचं लक्ष नागनाथाकडं आणि नंतर एसटीच्या वेळेकडं. कळमनुरीपासून डोंगरकड्यापर्यंत गेलात तर गावाच्या नावात डोंगरही आहे आणि कडाही आहे, आणि बघायला हळद आणि केळीच्या बागा.

तरीही मला हे डोंगर आवडायचे. श्रावणात ते हिरवे होतात, दिवाळीच्या आगेमागे सीताफळांनी लगडतात, फाल्गुनात पळस पेटतो, आणि उरलेले महिने ते मुरमाच्या रंगाचे, कोणाचं काही न घेता पडून असतात. त्यांच्याविषयी चांगलं बोलणारा माणूस मला नोकरीभर भेटला नाही. कदाचित म्हणूनच पुढचा घोळ झाला.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, एका उन्हाळ्यात, खडकदरी नावाच्या गावच्या शिवेची मोजणी होती. शीव डोंगराच्या माथ्यावरून जात होती. बरोबरचा शिपाई पाण्याची कळशी घेऊन वर येत होता, ती मध्येच त्याच्या हातून निसटली आणि दगडावरून गडगडत खाली गेली. आम्ही म्हटलं, थोडंच काम उरलंय, उरकून उतरू. दुपारपर्यंत माझ्या डोळ्यापुढं अंधारी आली आणि मी एका धावड्याच्या झाडाच्या बुडाशी बसलो ते मला उठवेनाच. शिपाई घाबरून खाली पळाला.

तिथं मला धुरपताबाई भेटली. पन्नाशीच्या अलीकडची, काठी हातात, मागं पन्नासेक मेंढरं आणि चार-दोन शेळ्या. नवरा लवकर गेल्यामुळं ती माहेरी, खडकदरीला, धाकट्या भावाजवळ राहायची. बापानं ठेवलेलं एक रान आणि एक कळप, दोन्ही दोघांत. हे मला पुढं कळलं. त्या वेळी तिनं फक्त माझ्याकडं पाहिलं, काही न विचारता माझ्या दंडाला धरलं आणि मला माथ्याच्या काठाला, एका कपारीखाली नेलं. तिथं खडकात एक खोलगट जागा होती, बैलगाडीच्या साटीएवढी, आणि तीत पाणी होतं. वैशाखात. कपारीतून थेंब थेंब झिरपून साठलेलं, गार. तिकडं त्याला झिरा म्हणतात. तिनं मला आधी तोंडावर पाणी मारायला लावलं, मग घोट घोट पाजलं. माझं झाल्यावर मेंढरं प्याली.

मी बरा झाल्यावर सवयीनं टिपणवही काढली. आमच्या नकाशावर विहीर, नाला, पाण्याची जागा खुणेनं दाखवतात. तिनं वहीकडं पाहिलं.

"ह्ये कागदावर घालू नका, दादा. कागदावर गेलेलं पाणी पुन्हा मेंढरांच्या तोंडी लागत न्हाई."

मी म्हणालो, नाही घालत. वही मिटली. शिवेच्या नकाशात मी तो झिरा दाखवला नाही. सरकारी कामात ही चूकच होती, आणि माझ्या नोकरीतली ती सर्वांत चांगली चूक होती. पुढं मी ती दुरुस्त केली.

झालं असं की आमचा जिल्हा परभणीतून वेगळा झाला. नव्या जिल्ह्याला नव्या पाट्या लागतात, नवे शिक्के लागतात, आणि एक माहितीपुस्तिका लागते. पुस्तिकेचं काम एका साहेबांकडं आलं. साहेब मूळचे कोकणातले, सज्जन, उत्साही. त्यांनी मला बोलावून घेतलं, कारण कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की सगळे डोंगर पायी हिंडलेला माणूस हाच. त्यांच्यापुढं एक तक्ता होता. 'डोंगर व प्रेक्षणीय स्थळे' असा मथळा आणि खाली रिकाम्या चौकटी: सर्वोच्च शिखर, धबधबा, सूर्यास्तस्थळ, इतर.

मी म्हणालो की शिखर नाही, माथे आहेत. ते म्हणाले, मग सर्वांत उंच माथा लिहा. उंची मोजणं आमचं काम नव्हे हे मी सांगून पाहिलं, पण शेवटी दुसऱ्या एका नकाशावरून खडकदरीचा डोंगर त्यातल्या त्यात उंच ठरला. आता त्याला नाव हवं होतं. ते आणायला मी दोन दिवस डोंगराभोवती फिरलो. पश्चिमेकडच्या गावात त्याला थोरला माळ म्हणत. पूर्वेकडच्या गावात म्हसोबाची पाठ म्हणत. उत्तरेला, पैनगंगेच्या अंगाला, लोक नुसतंच 'वर' म्हणत. खुद्द खडकदरीत धुरपताबाई भेटली, तिला विचारलं, तर ती म्हणाली, "डोंगराला काहून नाव पायजे? त्यो कुठं चाललाय, की हाका मारायच्या?"

साहेबांना यातलं काहीच पसंत पडलं नाही. त्यांनी स्वतः सुवर्णशिखर हे नाव दिलं, कारण संध्याकाळच्या उन्हात वाळकं गवत सोन्यासारखं दिसतं असं मीच त्यांना कधीतरी बोललो होतो. त्याच वाक्यावरून सूर्यास्तस्थळाचीही चौकट भरली. सूर्य आमच्याकडं सगळीकडूनच मावळताना दिसतो, पण चौकट एका जागेची होती.

राहिला धबधबा. साहेबांना वाटे की डोंगर आहे म्हणजे धबधबा असणारच, मीच नीट आठवून सांगत नाही. रोज दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहत. आपल्या गावाकडचे धबधबे किती, कुठं कुठं आहेत, ते सांगत. त्यात मोठेपणा मिरवायचा नसायचा, घरची आठवण असायची. एके दिवशी ते त्याच सुरात म्हणाले की बरोबर आहे, बिचाऱ्या तुमच्या डोंगरांकडून अपेक्षा तरी काय ठेवणार.

माझं डोकं फिरलं. कोणी माझ्या रंगाविषयी, गावाविषयी बोललं असतं तर चाललं असतं. मी कागद ओढला आणि 'इतर' या चौकटीत लिहिलं: 'सुवर्णशिखराच्या माथ्यावर ऐन उन्हाळ्यातही न आटणारे नैसर्गिक जलकुंड.' लिहिताना धुरपताबाईचं बोलणं आठवलं नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. आठवलं. मी मनाशी म्हणालो, सरकारी पुस्तिका कोण वाचतंय.

माझा हा अंदाज बराच काळ खरा ठरला. पुस्तिका छापून आली. मुखपृष्ठावर हिरव्यागार कड्यावरून कोसळणारा धबधबा होता, तो कुठल्या जिल्ह्यातला हे छापणाऱ्यालाच ठाऊक. शेवटच्या पानावर 'विशेष साहाय्य' म्हणून माझं नाव होतं. ते मी घरी सगळ्यांना दाखवलं. मग पुस्तिका शाळांत, कचेऱ्यांत वाटल्या गेल्या आणि कपाटांत गेल्या. दोन-तीन वर्षं जलकुंड बघायला कोणी चिटपाखरू फिरकलं नाही, आणि मला थोडं वाईटही वाटलं.

मग कोणा पत्रकाराच्या हाती पुस्तिका लागली आणि त्यानं रविवारच्या पुरवणीसाठी 'मराठवाड्याचं छुपं नंदनवन' लिहिलं. तो वर चढला नसावा, कारण त्यानं कुंडात कमळं फुलवली होती. त्यानंतर मोटारसायकली येऊ लागल्या. सहली आल्या. कमळं नाहीत म्हणून लोकांनी तक्रारी केल्या, आणि तक्रारी आल्यावर विकास आला. पायऱ्या झाल्या, लोखंडी कठडा झाला, सिमेंटची दोन बाकं झाली, जनावरांना मनाई असल्याचा फलक लागला. आणि कुंड फोटोत फार लहान दिसतं म्हणून ते खोल आणि रुंद करायचं ठरलं. कोणी ठरवलं ते मी सांगत बसत नाही. अशा गोष्टी कोणी एक माणूस ठरवत नसतो, त्या ठरतात. खडक फोडायचा ब्रेकर लागला, त्यानं भागेना म्हणून दोन लहान सुरुंग लावले.

आमचा डोंगर थरांचा आहे, भाकरीवर भाकरी ठेवल्यासारखा. वरच्या सच्छिद्र थरातून पाणी झिरपतं आणि खालच्या घट्ट थरावर थांबतं. त्या झिऱ्याला जे काही होतं ते त्या घट्ट तळाच्या जिवावर होतं. सुरुंगानं तळाला चीर गेली. त्या पावसाळ्यात कुंड भरलं आणि आठवड्याभरात रिकामं झालं. पुढच्या उन्हाळ्यात सिमेंटचा काठ असलेला एक सुंदर, रुंद, कोरडा खड्डा तिथं होता. त्यातही लोक फोटो काढत होते. मग तेही थांबले.

मला हे सगळं ऐकून ठाऊक होतं. मी वर गेलो नाही. नोकरीत कामाची कधीच कमी नसते आणि जिथं जायचं नसतं तिथं न जाण्याला ती चांगली सबब असते.

निवृत्तीला वर्षभर राहिलं असताना माझ्या टेबलावर पोटहिस्सा मोजणीचा अर्ज आला. पोटहिस्सा म्हणजे एका गटातल्या भागीदारांनी आपापला तुकडा वेगळा करून घेणं. आम्ही मोजतो, मध्ये हद्दीचे दगड गाडतो, आणि पुढं दोन घरांची जेवणावळही वेगळी होते. अर्जदार धुरपताबाई. सामनेवाला तिचा भाऊ किसन. गाव खडकदरी.

नोटिशीच्या दिवशी मी सकाळीच पोचलो. शिपायानं दगड बांधावर उतरवले. धुरपताबाई हजर होती, केस पांढरे झालेले. तिनं मला ओळखलं, तब्येत विचारली. किसन आला नव्हता. तो चार-पाच वर्षांपासून कळपाचा आपला वाटा घेऊन डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, सासुरवाडीच्या गावाशी राहत होता.

मी मोजणीचा फळा तिपाईवर मांडता मांडता, नेहमी विचारतो तसं, विचारलं की भावाबहिणीत असं काय झालं. ती दगडांशेजारी बांधावर टेकली. मग सांगू लागली. डोंगरावर आपलं एक पाणी होतं. ते किसननं परक्यांना दाखवलं. पायऱ्यांचं काम निघालं तेव्हा तो तिथं मजुरीला जाताना तिनं स्वतः पाहिला होता. झिरा आटला त्या उन्हाळ्यात पाण्यापायी तिला कळप रोज नदीपर्यंत न्यावा लागला आणि वाटेत नऊ मेंढरं गेली. तिनं भावाला तोंडावर विचारलं. तो मान खाली घालून उभा राहिला, हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोललेली नव्हती. आता बांधही सामाईक नको होता.

मी फळ्याशेजारी उभा होतो. तीस वर्षांत शेकडो पोटहिस्से मोजले, पण मोजायला आलेली फूट आपणच पाडलेली आहे असं कधी झालं नव्हतं. गप्प राहून दगड गाडून निघून जाणं सोपं होतं. नियमात तेच बसत होतं.

"बाई, पाणी किसननं नाही दाखवलं," मी म्हणालो. "मी दाखवलं. पुस्तकात लिहिलं."

मी पुस्तिकेचं, साहेबांचं, धबधब्याचं सांगायला लागलो. ते ऐकण्यात तिला रस नव्हता.

"मला सांगून काय उपेग," ती म्हणाली. "त्येला जाऊन सांगा. पायी जा, डोंगरावरून."

मी निघालो. शिपाई म्हणाला की जीपनं वळसा घालून जाऊ. मी नको म्हणालो. पायऱ्या चढलो. निम्म्या उखडल्या होत्या आणि फटींतून तरवड उगवला होता. वर तो खड्डा होता, तळाशी कुरकुऱ्यांची पाकिटं. मी तिथं थांबलो नाही. माथा ओलांडायला तासभर लागला. मोजणीसाठी हा डोंगर मी कितीदा तरी चढलो होतो, पण या काठावरून त्या काठापर्यंत सरळ असा कधी चाललो नव्हतो. आमचं काम तुकड्यातुकड्यानं असतं. माथ्यावर गुडघ्याएवढं गवत, मधूनच काळा खडक, दोन काळविटं लांबवर उभी. उत्तरेला पैनगंगेची झाडी दिसत होती, मागं वळून पाहिलं तर कयाधूचं खोरं. एवढासा डोंगर, पण त्याच्यावरच पावसाचं पाणी ठरवतं की इकडं जायचं की तिकडं. हे मी त्या साहेबांना सांगायला हवं होतं. त्या वेळी सुचलं नाही.

दुपारी पलीकडच्या मेंढरांच्या वाड्यावर किसन सापडला. पन्नाशीला टेकलेला, हडकुळा माणूस. मेंढरं कातरत होता. एक मेंढी आडवी पाडलेली, हातात कातर, पुढ्यात काळ्या लोकरीचा ढीग. मी कोण ते सांगितलं. मग जे सांगायचं होतं ते सगळं सांगितलं. त्यानं कातर थांबवली नाही.

"मला ठाव होतं," तो म्हणाला.

त्याच्या पोरीच्या शाळेत पुस्तिका आली होती. पोरीनं ती घरी वाचून दाखवली होती, शेवटच्या पानापर्यंत. मोजणीवाल्या साहेबाला एकदा पाणी पाजल्याचं बहीण त्याला नावानिशी कितीदा तरी सांगायची, त्यामुळं नाव ऐकल्याबरोबर त्याला उमगलं. मजुरीला तो गेला होता ते निदान झिऱ्याला हात लागू नये म्हणून. मुकादमाला त्यानं दोनदा अडवलं. तिसऱ्या दिवशी त्याला कामावरून काढलं.

मी विचारलं, मग बहिणीला का नाही सांगितलं.

त्यानं मेंढीची कूस बदलली. "उन्हात पडलेल्या माणसाला तिनं हात दिला. त्याच माणसानं घात केला म्हणून तिला कळलं असतं, तर पुन्हा कुणाला तिनं हात दिला नसता. भावावरचा राग काय, तो आज न्हाई उद्या जातो." मग त्यानं विचारलं, "तुमी तिला सांगून आलात व्हय?"

मी हो म्हणालो.

मी खरं बोलायचं धाडस करून आलो होतो, तीन तास चालून आलो होतो, आणि या माणसानं पाच वर्षं बहिणीचा अबोला सोसून जे जपलं होतं ते मी सकाळीच फळ्याशेजारी उभं राहून संपवून टाकलं होतं. मला वाटलं तो आता हाकलून देईल. त्यानं पुढची मेंढी ओढली.

"हिचे पाय धरा," तो म्हणाला. "लाथा मारते."

मी मेंढीचे पाय धरले. मग दुसरीचे धरले. ऊन कलायच्या आत अकरा मेंढ्या झाल्या. मला दोन लाथा बसल्या, त्यातल्या एकीची खूण अजून नडगीवर आहे. काम आटोपल्यावर त्यानं हातपाय धुतले, डोक्याला पटका गुंडाळला आणि बायकोशी दोन शब्द बोलून डोंगराच्या वाटेला लागला. मला चला म्हणाला नाही, राहा म्हणाला नाही. मी त्याच्या मागं चालत राहिलो. वाटेत तो एकदाच बोलला, माथ्यावर, कोरड्या खड्ड्यापाशी. खाली वाकून त्यानं कपारीला हात लावला आणि म्हणाला की वरून झिरपतंय अजून, पण थांबायला बूड न्हाई.

आम्ही खडकदरीच्या रानात उतरलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. शिपाई फळा आवरून बसला होता. हद्दीचे दगड सकाळी उतरवले तसेच बांधावर पडले होते. धुरपताबाई त्यातल्या एकावर बसलेली होती. किसन तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. मी आपला जरा लांब, बाभळीपाशी थांबलो. मला वाटलं आता रडारड होईल, किंवा माझा उद्धार होईल. दोन्हींची मी तयारी ठेवली होती.

तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. सदऱ्याला चिकटलेल्या लोकरीकडं पाहिलं.

"मेंढरं कुणाच्या भरवशावर टाकून आलास?" ती म्हणाली.

"बायकोच्या."

"तिला जमतंय व्हय एकटीला?"

"जमतंय आता," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दगडावर बसला.